अकरा हजार जणांचं सुतक

माझ्या लेकीच्या, शर्वरीच्या, लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही तेरा माणसं कराडच्या दुकानात बसलो होतो आणि तेराही जणांचे फोन एकाच क्षणी वाजले. देवळातली घंटा ओल्या फडक्यात गुंडाळून वाजवावी, तसा तो आवाज असतो. मंडळाच्या बैठकीत तो मीच निवडला होता, त्यामुळे मला तक्रारीला जागा नव्हती.

फोनवर अक्षरं उमटली. 'कै. जयंत रामराव बोरगे, वय ८१, एडमंटन, कॅनडा. सातव्या पिढीत मिळणारे चुलत बंधू. सुतक दहा दिवस, आजपासून.'

"कोण हो हे?" माझ्या बायकोने, सुजाताने, विचारलं.

"आपलेच."

"कधी पाहिलेत?"

"हे आत्ता पाहिले." निरोपाबरोबर फोटोही आला होता. बर्फात उभे होते बिचारे, हातात फावडं घेऊन.

दुकानदाराने स्वतःच्या पडद्यावर नजर टाकली. 'बोरगे' या नावापुढचा हिरवा ठिपका तांबडा झाला होता. त्याने शालूची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. पिशवीवर आमचं नाव आधीच लिहिलेलं होतं आणि त्या नावावर धूळ बसायला लागली होती. "काका, दहा दिवसांनी या," तो म्हणाला. हे तो आम्हाला तिसऱ्यांदा सांगत होता.

लग्नाची तारीखही तोवर तीनदा पुढे गेली होती. आणि या सगळ्याच्या मुळाशी मी होतो, हे गाडीत परत येताना कुणी बोललं नाही. न बोलता जितकं ऐकवता येतं, तितकं सुजाताने ऐकवलं.

मी शशिकांत बोरगे. भूमी अभिलेख कार्यालयात एकतीस वर्षं नोकरी केली. कुणाचा बाप वारला, सातबाऱ्यावर कुणाची नावं चढली, कुणी हक्क सोडला, कोण वहिवाटीवर बसून मालक झाला, हे फेरफार नोंदवण्यात माझी दृष्टी गेली. निवृत्त झालो आणि हिंगणवाडीच्या बोरगे कुळ मंडळाने मला चिटणीस केलं. तेव्हा मी हौसेने म्हणालो, की आता आपला कुलवृत्तांत पुस्तकात नको, संगणकावर करू. घरात बसून स्वस्थ राहण्याचं सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं.

पुण्याच्या एका कंपनीचं 'वंशवेध' नावाचं सॉफ्टवेअर आम्ही घेतलं. त्याचं काम समजायला अवघड नाही. जुने जन्ममृत्यूचे दाखले, वारसनोंदी, तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांच्या मोडीतल्या वह्या, असं सगळं त्याला वाचायला द्यायचं. ते वाचतं आणि कुठला रामजी म्हणजे कुठला रामजी, हे शक्यतेच्या हिशोबाने जोडत जातं. एका वहीत रामजीला तीन मुलगे आणि दुसरीत दोन असतील, तर ते शंका काढतं. शंका मिटवायला माणसाची थुंकी लागते.

ते असं. प्रत्येक पुरुषाच्या पेशीत वाय नावाचं एक गुणसूत्र असतं. ते त्याला फक्त बापाकडून मिळतं आणि बापाला आज्याकडून. ते जवळजवळ जसंच्या तसं खाली उतरतं. साधारण तीन पिढ्यांतून एकदा त्यातलं एखादं अक्षर बदलतं, आणि बदललं की तो बदल पुढच्या सगळ्या वारसांत राहतो. दोन पुरुषांच्या थुंकीतली ही बदललेली अक्षरं मोजली, की त्यांचा समाईक पूर्वज किती पिढ्यांमागे होता, हे कळतं. नकलनविसाच्या चुकांवरून कुठली नक्कल कुठल्या कागदावरून उतरली हे आम्ही ऑफिसात ओळखायचो, त्यातलाच प्रकार. बायकांना वाय नसतं. त्यांना हे सॉफ्टवेअर आधी बापाच्या आणि मग नवऱ्याच्या नावाला टांगतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सातबाऱ्यावर दुसरं काय होत होतं?

पहिल्या वर्षी आम्ही चाळीस घरांचे बोरगे होतो. दुसऱ्या वर्षअखेर थुंक्या गोळा होता होता आम्ही अकरा हजार चारशे झालो. जळगावात, इंदुरात, बडोद्याला, कॅनडात. मंडळाच्या अध्यक्षांची, पोपटतात्यांची, छाती सदऱ्यात मावेना.

खरी चूक झाली ती वार्षिक सभेत. कंपनीची कृत्तिका नावाची इंजिनियर मुलगी नवी सोय दाखवायला आली होती. सरकारी मृत्युनोंद झाली, की घरच्यांच्या परवानगीने बातमी वंशवेधला कळणार आणि ज्यांना ज्यांना सुतक लागतं त्यांना दोन सेकंदांत निरोप जाणार. जन्माचंही तसंच, म्हणजे सोयर. आपल्या कुळाचा ठिपका हिरवा की तांबडा, हे पाहुण्यांना, भटजींना, कार्यालयवाल्यांना, सगळ्यांना दिसणार.

"किती पिढ्यांपर्यंत धरायचं?" तिने विचारलं. "तीनपासून सातपर्यंत काहीही ठेवता येतं."

पोपटतात्यांनी टोपी सारखी केली. मग त्यांनी विचारलं, "मोऱ्यांनी किती ठिवल्यात?"

"मोरे कुळाने पाच."

"मग आमचं सात."

टाळ्या पडल्या. ठराव मी लिहिला, सूचक तात्या, अनुमोदक मी. सात पिढ्यांचा हिशोब सभेतल्या एकानेही केला नाही आणि एकतीस वर्षं आकड्यांत काढलेल्या मीही केला नाही. पुढे आठ महिन्यांत हिंगणवाडीत एकही पूजा, वास्तुशांत किंवा बारसं धड झालं नाही. भैरोबाच्या जत्रेत पालखीचा पहिला खांदा बोरग्यांचा, तो मोऱ्यांना द्यावा लागला. तात्या त्या दिवशी घरातून बाहेर पडले नाहीत.

* * *

बस्त्यानंतर तिसऱ्या दिवशी व्याही आले. इंगवले साहेब सांगलीचे. बोलायला मऊ, पण ठिपक्याचं सगळं पाळणारे. त्यांचा मुलगा अधिराज समुद्रशास्त्र शिकलेला. त्याला दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन केंद्रावर दोन वर्षं जायचं होतं.

"आमची काही घाई नाही," इंगवले म्हणाले. "पण बर्फाची आहे. वीस मार्चला जहाज निघालं नाही, तर पुढं समुद्र गोठतो. चौदा मार्चचा मुहूर्त शेवटचा. तो हुकला तर दोन वर्षं."

"दोन वर्षं थांबायचं का मग?" सुजाताने भीत भीत विचारलं.

"मुलं थांबतीलही. आमच्या मातोश्री ब्याण्णव वर्षांच्या आहेत, त्यांना नातसून बघायचीय. आणि तुमचा ठिपका पाहून त्यांना आताच शंका यायला लागलीय. म्हणतात, ज्या घरी रोज कुणीतरी मरतं तिथं मुलगी कशी असेल?"

आतून शर्वरी बाहेर आली. ती माझ्यासारखी नाही, जे असेल ते तोंडावर बोलते. "काका, रजिस्टर लग्न आम्ही उद्या करू शकतो. पण मला हळद लागली पाहिजे आणि पहिली हळद आत्याआजीने लावली पाहिजे. तेवढंच माझं मागणं आहे."

इंगवल्यांनी कोपऱ्यात बसलेल्या हौसाआत्याकडे पाहिलं. आत्या चौऱ्याऐंशीची. माझ्या वडिलांची बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, मान्यांच्या घरातून एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली, ती बासष्ट वर्षं याच घरात आहे. मला न्हाऊ तिनं घातलं, शर्वरीलाही तिनंच. या बासष्ट वर्षांत गावातल्या एकाही नवरीला तिने हळद लावलेली नाही, कारण कुणी बोलावलं नाही. खालच्या मानेने ती गव्हातले खडे निवडत होती.

"आमची हरकत नाही," इंगवले म्हणाले, आणि माझ्या मनात तो माणूस एकदम वर चढला. "फक्त ठिपका हिरवा पाहिजे. हळद, लग्न आणि पूजा, असे तीन दिवस."

ते गेल्यावर मी वंशवेधचं विश्लेषणाचं पान उघडलं आणि जो हिशोब सभेत करायला हवा होता तो आता केला. हजार माणसांत वर्षाला साधारण सात मृत्यू. अकरा हजार चारशेंत ऐंशी. म्हणजे दर साडेचार दिवसांना एक मरण, आणि प्रत्येकाचं सुतक दहा दिवस. एक संपायच्या आत दुसरं सुरू. सलग तीन मोकळे दिवस मिळण्याची शक्यता शंभरात सात. त्यात सोयर धरली तर दोन हजारांत एक. माणसं मरत होती ती नेहमीच्याच वेगाने. आम्ही फक्त सगळ्यांना एका घरात आणून बसवलं होतं.

मग मी जे करायला लागलो ते सांगायला आज लाज वाटते. पंच्याण्णवच्या पुढचे बोरगे किती, याची मी यादी काढली. एकवीस निघाले. मी त्यांना रोज सकाळी फोन करून तब्येत विचारू लागलो. जळगावच्या एका आजोबांना छातीत कफ झालाय कळल्यावर त्यांना आडुळशाचा काढा कुरियर केला. बडोद्याच्या आजींना आंघोळीच्या वेळी पाट नीट बघून ठेवायला सांगितलं.

"अहो, मार्चमध्ये एकोणीस बाळंतपणं पण आहेत," सुजाता यादीत डोकावून म्हणाली. "त्यांनाही फोन करताय का? थांबा म्हणून?"

मी यादी मिटली. खरं सांगायचं तर नंबर शोधून ठेवले होते.

इंदूरचे भाऊसाहेब बोरगे सत्त्याण्णव वर्षांचे. चौथ्या दिवशी त्यांनी मला फोनवरच पकडलं. "काय रे, रोज विचारतोस. तू माझी वाट बघतोयस का?"

मी सगळं खरं सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता. मी घाबरलो. मग कळलं की ते हसताहेत.

"लग्न कधी म्हणालास?"

"चौदा मार्च."

"बरं. तोवर थांबतो. त्याच्या पुढचं मी सांगत नाही." मग त्यांनी विचारलं, "जेवायला काय आहे?"

"आमटी, भात, जिलबी, वांग्याची भाजी."

"वांगं कृष्णाकाठचं?"

"हो."

"मग मी येतोच," ते म्हणाले आणि फोन ठेवला. सात पिढ्यांत मिळणाऱ्या अकरा हजार माणसांपैकी मला आवडलेला हा पहिला.

* * *

उपाय सापडला तो आत्याच्या बोलण्यातून. मार्चची पाच तारीख असेल. दुपारी ती मागच्या पडवीत हळकुंडं निवडत होती. तेवढ्यात फोन वाजला, तोच ओल्या घंटेचा आवाज. बेळगावकडचे कुणी गेले होते. मी कपाळाला हात लावला.

"आमच्या येळला बरं हुतं बाबा," आत्या म्हणाली. "जवळचं कुणी गेलं तर तार यायची. लांबच्याचं कोपरा फाडल्यालं कार्ड. ते यायला बारा-बारा दीस लागायचं. तवर दहा दीस उलटून गेल्यालं असायचं. दादा कार्ड वाचायचा, चार तांबे डोक्यावर घ्यायचा, आन् जेवायला बसायचा. झालं सुतक."

"पण माणूस तर बारा दिवसांपूर्वीच गेलेलं असायचं ना?"

"आरं, दहा दिसांत कानावर आलं तर उरल्यालं दीस पाळायचं, मागनं आलं तर नुसती आंघूळ. न कळल्यालं सुतक कुणाला लागतंय?"

एकतीस वर्षं फायलींत घालवलेल्या माणसाला हे सुचू नये, याची शरम वाटली. ज्या टपालखात्याला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या, त्याच्या आळसावर आमची लग्नं लागत होती. कार्ड उशिरा यायचं म्हणून भावकी मोठी असूनही माणसं जगू शकत होती. आम्ही बातमी दोन सेकंदांवर आणली आणि स्वतःला कोंडून घेतलं.

मी तसाच पोपटतात्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून मुगाची खिचडी खात होते. आठ महिन्यांत त्यांच्या घरी पुरण शिजलं नव्हतं.

"तात्या, एक सेटिंग बदलायचंय," मी म्हणालो. "तीन पिढ्यांपर्यंतच्यांना बातमी लगेच. त्याच्या पुढच्यांना बारा दिवसांनी. म्हणजे आंघोळीवर भागतं."

तात्यांनी घास तसाच ठेवला. "ही बनवाबनवी झाली शशिकांत. मानूस मेल्यालं ठावं असून दडवायचं?"

"आपल्याला कुठं ठाऊक असतं? मशीनला असतं. मशीनला सुतक नाही."

"न्हाई, न्हाई. शास्त्र शास्त्र हाय. एकदा सात म्हंजी सात."

"सात कायम. फक्त कार्ड पूर्वीसारखं जाणार. तुमच्या वडिलांच्या काळी शास्त्र नव्हतं का?"

तात्या खिचडी कालवायला लागले. मी शेवटचा फासा टाकला. "पुढच्या पंधरवड्यात दुसरी जत्रा आहे. पालखीला यंदाही मोऱ्यांचाच खांदा का?"

त्यांनी खिचडीकडे पाहिलं. मग आत बघून मोठ्याने म्हणाले, "डाळ भिजत घाल गं. हरभऱ्याची."

कृत्तिकाला फोन केला तर ती हबकली. "सर, निरोप दोन सेकंदांत पोचावा म्हणून आम्ही चार वर्षं घालवली."

"मग आता तो बारा दिवसांत पोचावा म्हणून चार तास घालवा," मी म्हणालो.

पण मुलगी हुशार होती. तिने त्या सेटिंगला 'टपाल' नाव दिलं आणि मजकुराच्या कोपऱ्यावर फाटलेल्या कार्डाचं चित्रही ठेवलं. बेळगावकरांची बातमी मात्र कानावर आली होती, तेव्हा त्यांचं सुतक मोजून पाळणं भाग होतं. ते चौदाच्या सकाळपर्यंत पुरत होतं. मी पुन्हा कपाळाला हात लावणार, तोच दिसलं की ते वारले होते दोन तारखेला, नोंद उशिरा झाली होती. म्हणजे दहावा दिवस अकरा तारखेला. तेरा तारखेला हळद, चौदाला लग्न, पंधराला पूजा. देव आणि तलाठी कधीकधी असे एकत्र येतात.

* * *

टपाल चालू करण्याआधी गेल्या दोन महिन्यांत लोकांनी वंशवेधला काय काय विचारलं, ते मला तपासायचं होतं. चिटणिसाला ती यादी दिसते. पोपटतात्यांनी चार वेळा विचारलं होतं, 'मोऱ्यांची माणसं किती'. कुणीतरी विचारलं होतं, 'सुतकात ऑम्लेट चालतं का'. मी एकटाच हसत खाली खाली जात होतो.

मग एक प्रश्न दिसला. 'हौसाबाई माने मेली तर बोरग्याच्या घरला सुतक किती.'

उत्तर होतं, 'शून्य दिवस. सदर व्यक्ती या कुळात नाही.'

खाली पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर. दर पाच-सहा दिवसांनी, नेहमी दुपारी तीनच्या सुमाराला. शर्वरीने तिचा जुना टॅब आत्याला दिला होता आणि बोलून विचारायला शिकवलं होतं. निधनाच्या बातम्या ऐकायला आत्याला आवडतात, म्हणून आम्ही हसायचो. एकूण अकरा वेळा तिने तो प्रश्न विचारला होता. शेवटच्या खेपेला थोडा लांब होता. 'हळदीच्या दिवशी मेली तर.'

उत्तर तेच. शून्य.

मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही. बर्फात फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी आम्ही दहा दिवस गोड खाल्लं नव्हतं. आणि मला न्हाऊ घालणारी बाई गेली, तर आम्ही त्याच संध्याकाळी जिलबी तळू शकत होतो. आणि ही यादी मी केली होती, माझ्या हाताने. तिचं नाव मान्यांच्या पानावर मीच ढकललं होतं, तेही नियमाप्रमाणे.

मी पडवीत गेलो. "आत्या, तुला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीया?"

"मग हे काय विचारत बसलीस मशीनला?"

ती जराशी ओशाळली. मग हळकुंड उन्हाकडे धरून बघत म्हणाली, "वय झालं की रं. मधीच काय झालं तर? पोरीचं लगीन तीनदा मोडत आलंय. चौथ्यांदा माझ्यापायी नको. ते शून्य म्हनलं, जिवाला बरं वाटलं."

"अकरा वेळा विचारलंस."

"दर येळला बरं वाटायचं."

"मी आत्ताच्या आत्ता तुझं नाव आपल्या घरात लावतो."

"लगीन हुईस्तवर हात लावू नगंस," ती एकदम करड्या आवाजात म्हणाली. माझ्या लहानपणी विहिरीच्या काठावर जायचो तेव्हा हाच आवाज यायचा. "शून्य हाय ते शून्य राहू दे. मागनं काय करायचं ते कर."

मी हात लावला नाही. त्या आवाजापुढे माझं अजून चालत नाही.

* * *

तेरा तारखेला हळद लागली. आत्या हिरव्या काठाचं लुगडं नेसून बसली होती आणि बासष्ट वर्षांत हाताला सवयच नसल्याने पहिली हळद शर्वरीच्या गालाऐवजी नाकाला लागली. शर्वरी म्हणाली, "पुसायची नाही." लग्नाच्या फोटोंत नवरीचं नाक पिवळं दिसतं, ते त्यामुळे.

चौदाला इंदूरचे भाऊसाहेब खरंच आले. व्हीलचेअरवरून, सोबत पणतू. चार वेळा वांगं घेतलं. इंगवल्यांच्या मातोश्रींशेजारी त्यांना बसवलं होतं. दोघांनी मिळून मांडवातल्या सगळ्यांची वयं काढली आणि आपणच थोरले, यावर समाधान व्यक्त केलं. आमचा ठिपका हिरवागार होता. मांडवात दीडशे बोरग्यांचे फोन होते आणि एकही वाजला नाही. कुठेतरी टपालाच्या पिशवीत तीन कार्डं आणि पाच बारशी थांबली होती, पण ती मशीनची चिंता होती.

वीस तारखेला जहाज सुटलं. दोन दिवसांनी पहिलं कार्ड आलं, आणि हिंगणवाडीतल्या चाळीस घरांत एकाच वेळी बादल्यांचा आवाज झाला. पोपटतात्या आंघोळ करून ओल्या अंगानेच ओट्यावर आले, आणि त्यांनी पुरणपोळीचा तुकडा मोडला.

त्याच दुपारी मी टॅब घेऊन पडवीत बसलो. आत्या समोर होती. सुजाता चहा ठेवत होती. साक्षीदार म्हणून मी तात्यांना बोलावून घेतलं होतं, दुसरी साक्षीदार सुजाता.

मशीनने विचारलं, 'नव्या व्यक्तीचे कुळाशी नाते?' पर्याय होते पत्नी, सून, आई, अविवाहित मुलगी. आत्या यातली कुठलीच नव्हती. वाय नाही, नवरा इथला नाही. मी 'इतर' दाबलं. त्याने विचारलं, 'आधार?' रक्ताचा, म्हणजे त्याच्या लेखी वायचा, लग्नाचा, की दत्तकाचा. मी पुन्हा 'इतर' दाबलं. तेव्हा एक रिकामी चौकट उघडली.

एकतीस वर्षांत हजारो माणसांसाठी जी ओळ लिहिली, ती मी लिहिली. 'सदर इसम या घरी सन १९८१ पासून आजतागायत बासष्ट वर्षे अखंड, उघड व निर्वेध वहिवाटीत आहे. कोणाची हरकत नाही.' मग तात्यांकडे पाहिलं. "आहे का कुणाची हरकत?"

"कुनाची आसंल तर त्यानं माझ्याकडं यावं," तात्या म्हणाले आणि त्यांनी अंगठा टेकवला.

मशीन बराच वेळ फिरत राहिलं. कृत्तिकाने पुण्यातून काहीतरी केलं असावं. मग पडद्यावरची वेल हलली आणि माझ्या वडिलांच्या शेजारी एक नवं नाव उघडलं. हौसाबाई. आडनावाच्या जागी माने तसंच राहू दिलं, खाली घर म्हणून हिंगणवाडी, बोरगे.

आत्याने चष्मा चढवला. नावावर बोट ठेवलं, बोट उचलून पुन्हा ठेवलं.

"आता मी मेले तर कुनाकुनाला सुतक?"

मी विचारून पाहिलं. "अकरा हजार चारशे बारा जणांना."

"कॅनडातल्यास्नी पन?"

"त्यांनाही."

"कार्डानं, का लगीच?"

"तुझी बातमी सगळ्यांना लगेच. टपाल नाही. तसं मी लिहून टाकलंय."

"म्हंजी अकरा हजार मानसांची कामं आडनार. दहा दीस."

"दहा दिवस. लग्नं, बारशी, पूजा, सगळं."

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत डब्यात ठेवला. मग भिंतीला नीट टेकून बसली.

"मग घाई न्हाई करत," ती म्हणाली. "सुजाता, माझ्या चहात साखर घाल दोन चमचं."